आधीच्या बिऱ्हाडाचा खिळा

भिंतीत खिळा ठोकायचा नाही. ठाकुर्लीतल्या आमच्या प्रत्येक घरमालकाची ही पहिली अट असायची. रात्री दहानंतर खलबत्ता वाजवायचा नाही, पाहुणा आठ दिवसांच्या वर ठेवायचा नाही, भाडं पाच तारखेच्या आत द्यायचं, या अटी नंतर यायच्या आणि त्यांत थोडं इकडेतिकडे चालायचं. खिळ्याला सूट नव्हती. म्हणून नव्या खोलीत पाऊल टाकलं की आई ओटा बघायची नाही, मोरी बघायची नाही. आधी भिंती बघायची. आधीच्या बिऱ्हाडाने मागे काय ठेवलंय? दाराशेजारी खिळा असला तर तो बाबांच्या सदऱ्याचा. खिडकीजवळ असला तर कॅलेंडरचा. आणि कोनाड्याच्या वर, देवाची तसबीर लावण्याजोगा एखादा सापडला, की आई म्हणायची, "बरी माणसं होती हो आधीची."

1974 ते 1986 या बारा वर्षांत आमचं बिऱ्हाड पाच वेळा लागलं. दोनदा चोळेगावात बैठ्या चाळीत, एकदा खंबाळपाड्याच्या वाटेवर, एकदा रुळांपलीकडे पश्चिमेला आणि पुन्हा एकदा पूर्वेला. आज जिथे नव्वद फुटी रस्ता आहे, तिथे तेव्हा भातखाचरं होती आणि पावसाळ्यात बेडकांच्या ओरडण्यात रेडिओ ऐकू यायचा नाही. आमच्यासारखी शेकडो बिऱ्हाडं होती. कुणी कोकणातून थेट आलेलं, कुणी गिरगावातल्या काकांच्या घरी जागा पुरेना म्हणून, कुणी परळ-लालबागहून. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तशी तिकडची आणखी घरं मोडून इकडे आली. सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं: "सध्या इथे आहोत." सध्या. या शब्दावर आमची पिढी लहानाची मोठी झाली.

सध्या राहणाऱ्यांच्या घरात वस्तूही सध्याच्याच असायच्या. जे घ्यायचं ते उचलता आलं पाहिजे. लोखंडी खाट घ्यायची ती बोल्टांची. ते आठ बोल्ट आणि पाना बोर्नव्हिटाच्या डब्यात, आणि डबा कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक. बादल्या एकात एक बसणाऱ्या. ट्रंका पत्र्याच्या, वर बाबांचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. आरसा गोधडीत, गोधडी ट्रंकेत. पाटा-वरवंटा शेवटी, कारण तो खाली असला तर गाडी हलत नाही आणि वर असला तर खालचं काही उरत नाही. तुळस डालडाच्या डब्यात. वृंदावन हे घरमालकांचं वैभव. आमची तुळस धाकट्या भावाच्या मांडीवर बसून प्रवास करायची.

पडद्यांची गोष्ट तर सांगायलाच हवी. मुलींच्या परकराला वाढत्या वयासाठी आत दुमड ठेवतात ना, तशी आई पडद्यांना ठेवायची. चार बोटं खाली, चार बोटं कडेला. मोठ्या खिडकीच्या खोलीत गेलो की टीप उसवायची, लहान खिडकीच्या खोलीत गेलो की पुन्हा घालायची. निळ्या फुलांचा तो एक जोड पाच घरांच्या खिडक्यांना पुरला. उन्हाने वरचा भाग फिका पडलेला आणि उसवलेल्या दुमडीच्या जागी निळा पट्टा गडद. कुठल्या घरात खिडकी केवढी होती, ते त्या पट्ट्यांवरून सांगता यायचं.

चौथ्या वेळी आम्ही पूर्वेकडून पश्चिमेला गेलो तेव्हा मध्ये फाटक होतं. ठाकुर्लीच्या फाटकाशी ज्यांनी आयुष्यातले तास घालवले, त्यांना वेगळं सांगायला नको. हातगाडीवर सगळा संसार चढवलेला: गाद्यांची वळकटी, स्टोव्ह, सूप, मच्छरदाणीच्या काठ्या, पोचे आलेलं पाण्याचं पिंप, आणि वर उभे खोचलेले दोन झाडू. आईच्या हातात परडीत देव. आम्ही फाटकाशी पोचलो आणि फाटक पडलं. एक स्लो लोकल आली, थांबली, गेली. मग एक मेल धडधडत गेली. मग मालगाडी. भाऊ डबे मोजू लागला. आजूबाजूला सायकली, दूधवाले, शाळेची मुलं, गाडीहून उतरलेली माणसं, आणि सगळ्यांना आमचं पिंप दिसत होतं. बाबांच्या लोकलच्या ग्रुपमधले एक जण पुढे आले आणि मायेनेच म्हणाले, "काय हो, परत हललात?" आईने परडी माझ्या हातात दिली, ट्रंक उघडली, लग्नात आलेली, कधी न वापरलेली सोलापुरी चादर काढली आणि गाडीवर पसरली. झाडूंसकट सगळं झाकलं. फाटक उघडेपर्यंत ती चादरीचा कोपरा धरून उभी राहिली. "आपलं घर हवं" हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा त्या रात्री ऐकलं.

आम्हाला घालवणारे मालक वाईट होते का? मुळीच नाही. चोळ्यातल्या चाळीची मालकीण नव्या भाताचे तांदूळ पहिल्यांदा आमच्या घरी पाठवायची आणि आईला "बाय" म्हणायची. खोली सोडताना तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण खोली सोडवलीच. कारण कायद्यात होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. मुंबईचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. महागाईत भाडेकरूंना आधार म्हणून आलेला हा कायदा पुढे मुक्कामालाच राहिला. भाडं वाढेना, म्हणून मालक डागडुजी करेनात आणि नवी खोली पागडीशिवाय देईनात. मग लोक 'भाडं' हा शब्द टाळून 'लीव्ह अँड लायसन्स' करू लागले. 1973 मध्ये कायदा बदलला आणि 1 फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. राहणाऱ्यांचं भलं झालं. पण नंतर येणाऱ्यांच्या वाट्याला मालकांची धास्ती आली. एकदा आत घेतलेला माणूस निघायचा नाही, ही धास्ती. आम्ही आलो 1974 मध्ये! त्यामुळे कराराचे अकरा महिने झाले, दुसऱ्यांदा अकरा झाले, की मालकांना रात्री झोप लागायची नाही. "वहिनी, आता दुसरीकडे बघा" हे वाक्य भांडण न करता, चहा पिता पिता यायचं.

पुढे 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि करार नोंदवणं सक्तीचं झालं. तरी अकरा महिने काही गेले नाहीत. मला मनापासून वाटतं की जुन्या कायद्याने मालकाला कोंडलं आणि आजच्या रिवाजाने भाडेकरूला उघड्यावर ठेवलं. रास्त भाडं देणाऱ्याला दहा वर्षं एका छपराखाली निवांत राहता येईल, मुलांची दहावी तिथेच होईल, अशी मधली सोय आपल्याकडे कुणी मनावर घेऊन केलीच नाही. ती असती तर आमच्यातल्या कितीतरी आयांनी घरासाठी बांगड्या मोडल्या नसत्या.

ठाकुर्लीत मात्र भाडं आणि मालकी यांच्या खेरीज एक तिसरं घर होतं: रेल्वेचं क्वार्टर. चोळ्याचं पॉवर हाऊस रेल्वेने 1929 मध्ये गाड्यांना वीज द्यायला उभारलं. त्याच्या आणि कल्याणच्या एवढ्या मोठ्या जंक्शनच्या आधाराने ठाकुर्लीत रेल्वेची वस्ती वाढली. पश्चिमेची बावन चाळ, दगडी क्वार्टरं, मोठाली झाडं, अंगणात शेवगा. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली क्वार्टरात राहायच्या आणि आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्या भिंतीत खिळे चालायचे, दारापुढे वांगी-मिरच्या लावता यायच्या, कुणी 'बघा दुसरीकडे' म्हणायला यायचं नाही. बाबा म्हणायचे, "सुखी आहेत." आई म्हणायची, "साहेब रिटायर होईपर्यंत."

ती बरोबर होती. तीस-तीस वर्षं जोपासलेला शेवगा, आणि निवृत्तीनंतर थोड्या महिन्यांची मुदत. फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली की ती घेऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा घर शोधायला निघायचं. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी तसं घेतलं. क्वार्टर सोडताना तिच्या आईने शेवग्याची फांदी तोडून आणली होती. नव्या घरात ती लावायला जमीन नव्हती, तिसरा मजला होता. ती आमच्या तेव्हाच्या चाळीच्या मागे लावली आणि आम्ही तिथे होतो तोवर शेंगा त्यांच्या घरी पोचवल्या.

ओनरशिप हा शब्द आमच्या गल्लीत साधारण सत्तरच्या दशकात शिरला. 'ओनरशिपचा ब्लॉक'. 'सेल्फ कंटेन्ड'. म्हणजे संडास आत. फ्लॅट विकण्याबद्दलचा मोफा कायदा 1963 चा, सहकारी संस्थांचा 1960 चा. पण आमच्याकडे कायद्याआधी बिल्डरची पाटी पोचली. भाताच्या खाचरात बांबूवर रंगवलेली पाटी, खाली चुन्याच्या रेघा. रविवारी संध्याकाळी माणसं सहकुटुंब त्या रेघांमध्ये फिरायला जायची. "हे किचन." "इथे गॅलरी." मुलं रेघांवरून लंगडी घालायची आणि आया ओरडायच्या, "अगं, भिंतीतून काय जातेस!"

भाडं की मालकी, या प्रश्नावर घरोघर दोन पक्ष होते. आमच्या घरी बाबा भाड्याच्या बाजूचे, आई मालकीच्या. बाबा ऑफिसातून पाठकोरे कागद आणायचे. त्यावर मध्ये रेघ मारून डावीकडे भाडं आणि उजवीकडे हप्ता मांडायचे. 1986 मधला एक कागद अजून आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर वन रूम किचन, 380 चौरस फूट, 240 रुपये भावाने 91,200. खाली जमवाजमव: प्रॉव्हिडंट फंडातून 20 हजार, ऑफिसच्या पतपेढीचे 10, आईच्या चार बांगड्यांचे 10, चालू खोलीचं डिपॉझिट परत मिळेल ते 5, भिशीचे 1,200. उरलेल्या 45 हजारांचं कर्ज, पंधरा वर्षं, हप्ता पावणेसहाशेच्या घरात. आणि भाडं किती? दोनशे. बाबांनी त्या दोनशेखाली दोनदा रेघ ओढलेली आहे. "दरमहा पावणेचारशे रुपये जास्त द्यायचे ते कशाला? ते बँकेत टाकू. कर्ज काढून राजवाडा कशाला हवा?"

त्यांच्या भीतीलाही कारण होतं. पगारदार माणसाला घरासाठी कर्ज देणारी एच.डी.एफ.सी. 1977 मध्ये सुरू झाली, म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत. त्याआधी कर्ज म्हणजे सावकार किंवा सोनार. शिवाय 1977 मध्येच आलेला 'घरौंदा' आई-बाबांनी बघितला होता. त्यातल्या जोडप्याचे पै-पै करून साठवलेले पैसे बिल्डर बुडवतो. थिएटरातून परत येताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नव्हते म्हणे.

आमच्या गिरगावच्या काकांचं उदाहरण मात्र आईच्या बाजूने पडलं. त्यांनी पागडीची खोली काढली. रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा मालकाने घेतला, तरी उरलेल्यात डोंबिवलीत दोन खोल्यांचा ब्लॉक आला. काकू वर्षभर रडल्या. चौपाटी गेली, माहेर लांब गेलं, आठ बावीस चुकली की दिवस चुकायचा. पण संडासाला रांग नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

आईने आपला कागद मांडला नाही. तिने रेशनकार्ड पुढे ठेवलं. त्यावर चार पत्ते खोडलेले होते. प्रत्येक वेळी पत्ता बदलायला खेटे, तोवर साखर नाही, रॉकेल नाही. गॅसचं कनेक्शन वर्षानुवर्षं नंबर लावून मिळायचं, तेही हलवायचं. दोन शाळा बदललेला धाकटा. आणि मग ती म्हणाली, "तुमच्या या पाठकोऱ्यावर म्हातारपण कुठे मांडलंय ते दाखवा." बाबांच्या खाजगी नोकरीला पेन्शन नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली. पुढच्या आठवड्यात बांगड्या मोडल्या.

नव्या घरात आलो त्या दिवशी बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून पाव किलो खिळे आणले, सगळ्या मापांचे. शेजाऱ्याची हातोडी आणली. स्टुलावर चढले. आणि आई म्हणाली, "थांबा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही."

आम्ही सगळे बघत राहिलो. ती भिंतीवरून हात फिरवत होती. रंग ओला नव्हता, पण कोराच होता. या भिंतीला आधीचं बिऱ्हाडच नव्हतं. वर्षभर बाबांचा सदरा दाराच्या कडीला लटकायचा आणि कालनिर्णय फ्रिजवर पडलेलं असायचं. शेवटी दिवाळीत एकच खिळा बसला, खिडकीशेजारी, जिथे आधीच्या सगळ्या घरांत असायचा तिथे. उरलेले खिळे बोर्नव्हिटाच्या डब्यात गेले. पडद्यांची दुमड आईने पक्की शिवून टाकली.

घर घेतलं म्हणजे सगळं मिटलं, असं मात्र मी म्हणणार नाही. आम्ही घेतलं ते माणसांचे चेहरे बघून. जमीन बिगरशेती झाली आहे का, नकाशा मंजूर आहे का, सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही. सोसायटी झाली, शेअर सर्टिफिकेट तिजोरीत ठेवलं, आणि खालची जमीन वर्षानुवर्षं मूळ मालकाच्याच नावावर राहिली. कितीतरी इमारतींची हीच कथा. जुलै 2015 च्या अखेरीस ठाकुर्लीतली मातृकृपा इमारत कोसळली आणि नऊ माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतला प्रत्येक माणूस आपल्या भिंतीच्या भेगांवर बोट ठेवून झोपायला गेला. धोकादायक इमारतीतून माणसं निघत का नाहीत, असं लोक विचारतात. निघालो तर हक्क जाईल, या भीतीने निघत नाहीत. पागडीवाला निघत नाही आणि मालकीवालाही निघत नाही. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा महारेराचा नोंदणी नंबर बघून, कर्ज काढून घरं घेतलेल्या लोकांना कळलं की तो नंबरच खोट्या कागदांवर मिळवलेला होता. त्यांच्यातल्या बायकांचे चेहरे टीव्हीवर बघून आई उठून आत गेली.

माझा भाचा आता तिशीत आहे. लग्न झालंय, ठाकुर्लीतच भाड्याने राहतो. तो मोबाइलवर हिशेब करतो, पण मध्ये रेघ तशीच. डावीकडे भाडं वीस हजार. उजवीकडे ऐंशी लाखांचं घर, साठ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता बावन्न हजार. "आत्या, वर्षाचं भाडं किमतीच्या तीन टक्के आणि व्याज साडेआठ. सांग आता." शिवाय उद्या पुण्याला बदली झाली तर? जर्मनीत तर निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात, तेही त्याने सांगितलं. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघितलं. त्याचं बरोबर आहे. बाबांचंही बरोबर होतं. आजच्या घडीला त्याने भाड्याने राहावं हेच शहाणपणाचं, असं मी त्याला सांगितलं, आणि घेशील तेव्हा आधी कागद बघ, मग गॅलरी. त्याच्या आजीने फक्त विचारलं, "मालक खिळा मारू देतो का?" तो हसला. हल्ली म्हणे चिकटणारे हुक मिळतात.

आमची इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. इमारत रिकामी करायची, बिल्डर भाडं देणार, तीन वर्षांनी नवं घर. म्हणजे अडतीस वर्षं मालकीच्या घरात काढून आई एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा अकरा महिन्यांच्या करारावर. बाबा नाहीत. खाट बोल्टांचीच आहे. बोर्नव्हिटाचा डबा तिने स्वतः शोधून दिला. निळे पडदे केव्हाच गेले होते, पण त्यातला एक तुकडा मिक्सरवर झाकायला होता, तो तिने धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवला. मी म्हटलं, टेम्पो बंद असतो, झाकायला नको. तरी सोलापुरी चादर तिने वरच ठेवायला लावली. फाटक आता नाही, पुलावरून आम्ही दहा मिनिटांत पोचलो.

नवी खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेली, ताज्या रंगाची. मालक सज्जन तरुण. अटी त्याने छापूनच दिल्या होत्या, त्यातली चौथी भिंतींबद्दल होती. आई खुर्चीत टेकली, दम घेतला आणि चारी भिंती सावकाश बघू लागली. मग खिडकीच्या पडद्याआड बोट दाखवून म्हणाली, "तिथे बघ गं. रंगाखाली आहे काहीतरी."

होता. रंगात बुडालेला, जेमतेम अर्धा इंच बाहेर. कालनिर्णय त्यावर नीट बसलं.

"त्या तीन ट्रंका उघडू नका," ती म्हणाली. "सध्या लागणार नाहीत."